काँगो नदीवरची एक कथा आणि तिची सव्वाशे वर्षे

जोसेफ कॉनरॅडची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही लघुकादंबरी ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’च्या फेब्रुवारी ते एप्रिल १८९९ या तीन अंकांत क्रमशः आली आणि १९०२ मध्ये ‘यूथ’ या संग्रहात आणखी दोन कथांसह पुस्तकात गेली. पाने शंभराच्या आसपास. पहिल्या वाचनात बहुतेकांची तक्रार सारखीच असते: वाक्ये लांबलचक, घटना थोड्या, आणि ज्याच्यासाठी एवढा प्रवास चालला आहे तो कुर्ट्झ भेटतो तेव्हा पुस्तक संपत आलेले. तरीही वसाहतवादावरच्या फार थोड्या कथांवर एवढी शाई खर्ची पडली असेल.

कॉनरॅडचा जन्म १८५७ मध्ये रशियन साम्राज्याखालच्या, आज युक्रेनमध्ये असलेल्या बेर्दिचिव्ह गावी पोलिश घरात झाला. राजकारणापायी वडिलांना हद्दपारी भोगावी लागली. परकी सत्ता म्हणजे काय हे या मुलाला घरातच कळले होते. पोलिश आणि फ्रेंचनंतर इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा. व्यापारी जहाजांवरच्या नोकरीत तो जगभर हिंडला. १८८४ मध्ये ‘नार्सिसस’ या जहाजावर तो रुजू झाला ते मुंबई बंदरात, आणि त्या जहाजाचे नाव पुढे त्याच्या १८९७ च्या कादंबरीच्या शीर्षकात आले. १८९० मध्ये एका बेल्जियन कंपनीच्या नोकरीत तो काँगोला पोचला. मातादी ते किन्शासा ही वाट त्याने पायी तुडवली. तिथून ‘र्वा दे बेल्ज’ या छोट्या आगबोटीने तो स्टॅन्ली फॉल्सपर्यंत, म्हणजे आजच्या किसांगानीपर्यंत गेला. परतीच्या प्रवासात क्लाइन नावाचा कंपनीचा आजारी एजंट बोटीवरच मरण पावला. करार तीन वर्षांचा होता, पण ताप आणि हगवणीने खंगलेला कॉनरॅड काही महिन्यांतच परतला.

तो मुलूख तेव्हा कुठल्या देशाच्या नव्हे, तर एका माणसाच्या मालकीचा होता. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने परोपकार, मुक्त व्यापार आणि गुलामगिरीचा अंत अशी भाषा करत ‘काँगो फ्री स्टेट’ खिशात घातले. आधी हस्तिदंत लुटला गेला. हवेच्या टायरमुळे मागणी वाढली तसे रबर आले. गावागावांवर रबराचा वसूल बसवण्यात आला. तो भरला नाही की बायकामुलांना ओलीस धरणे, गावे जाळणे आणि हात तोडणे सुरू झाले. कॉनरॅड गेला तो हस्तिदंताच्या काळात, त्यामुळे कथेत हस्तिदंत आहे, रबर नाही.

कथेची रचनाच वाचकाची परीक्षा पाहते. थेम्स नदीत नांगरलेल्या बोटीवर मार्लो काही मित्रांना आपला प्रवास सांगतो, आणि त्यांच्यातला एक अनामिक श्रोता तो आपल्याला सांगतो. म्हणजे कॉनरॅड वाचकापासून दोन पायऱ्या मागे. काँगोचे नाव कुठेही येत नाही, बेल्जियमचेही नाही. सुधारणेची भाषणे देणारा कंपनीचा एजंट कुर्ट्झ नदीच्या वरच्या टोकाला जाऊन स्वतःची पूजा कशी करवून घेऊ लागला, हे ऐकीव गोष्टींच्या तुकड्यांतून उलगडते. या धूसरपणाने अनेक वाचक कंटाळतात. पहिला भाग मात्र मुळीच धूसर नाही. किनाऱ्याजवळ एक फ्रेंच युद्धनौका समोर कोणी दिसत नसताना जंगलावर तोफा डागते आहे. पुढे कंपनीच्या ठाण्यावर कांजी केलेल्या पांढऱ्याशुभ्र कॉलरचा हिशेबनीस भेटतो. त्याच्या कचेरीपासून थोड्याच अंतरावर झाडाखाली कामाने पिचलेले मजूर मरायला टाकलेले आहेत. एका आजारी माणसाला त्याच्या खोलीत आणून ठेवतात तेव्हा त्याच्या कण्हण्याने हिशेबात चुका होतात, एवढीच या गृहस्थाची कुरकुर. खातेवह्या मात्र चोख. वसाहतीचा कारभार कसा चालत होता हे समजायला ही दोन-तीन पाने पुरेशी आहेत.

सुरुवातीच्या काही वाचकांना हे सरळ दिसले होते. लिओपोल्डच्या राजवटीविरुद्ध चळवळ उभारणारा ई. डी. मोरेल या कथेला त्या विषयावरचे सर्वांत प्रभावी लेखन मानत असे. रॉजर केसमेंट मातादीला कॉनरॅडच्या ओळखीचा झाला होता. पुढे ब्रिटिश वाणिज्यदूत म्हणून त्याने लिहिलेला अत्याचारांवरचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉनरॅडने चळवळीला पत्राने पाठिंबा दिला, स्वतः मात्र तो तिच्यात उतरला नाही. १९०८ मध्ये काँगो राजाच्या हातून काढून घेऊन बेल्जियम सरकारकडे देण्यात आला आणि युरोपच्या लेखी विषय मिटला.

पुढच्या अर्धशतकात पुस्तकाची प्रतिष्ठा वाढत गेली आणि काँगो त्यातून गळत गेला. समीक्षक एफ. आर. लीव्हिसने १९४८ मध्ये ठोस प्रसंगांची वाखाणणी केली, पण गूढता वाढवणाऱ्या विशेषणांच्या माऱ्याबद्दल कॉनरॅडचे कानही उपटले. ती टीका आजही पटते. १९५८ मध्ये अल्बर्ट गेरार्डने नदीवरचा प्रवास हा मनाच्या तळाकडचा प्रवास म्हणून वाचला, आणि अमेरिकन वर्गांत हेच वाचन रुजले. नदी म्हणजे अबोध मन, जंगल म्हणजे आदिम वासना, कुर्ट्झ म्हणजे आपणच. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि १९६१ च्या जानेवारीत पंतप्रधान लुमुंबांची हत्या झाली. एवढे घडत असताना हे वाचन चालूच होते. पुस्तकापेक्षा ही वाचनाची रीत अधिक दोषी म्हणावी लागेल.

तिला हादरा दिला तो चिनुआ अचेबेने. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी अॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्याख्यानात या नायजेरियन कादंबरीकाराने कॉनरॅडला सरळ वंशद्वेष्टा ठरवले. छापील लेखात पुढे विशेषण जरा सौम्य झाले, आरोप तोच राहिला. एका गोऱ्या माणसाचे मन ढासळताना दाखवायचे म्हणून अख्खा आफ्रिका खंड पडद्यासारखा मागे टांगायचा, ही अचेबेची मुख्य हरकत होती. पुरावा पुस्तकातलाच होता. शेकडो काळी माणसे दिसतात, पण बोलतात नेमकी दोनदा: एकदा बोटीवरचा नरभक्षक खायला माणूस मागतो तेव्हा, आणि एकदा पोऱ्या कुर्ट्झ मेल्याची खबर देतो तेव्हा. बाकी नुसता गोंगाट, हातपाय आणि डोळे. हे एकदा दाखवून दिल्यावर न दिसणे अशक्य होते.

उत्तरे अनेकांनी दिली. गयानाचा विल्सन हॅरिस कॉनरॅडच्या बाजूने उभा राहिला. मार्लो म्हणजे कॉनरॅड नव्हे, हा युक्तिवाद बराच चालला, पण कुठल्याही पात्राच्या तोंडी दुसरी बाजू येत नसल्याने तो अर्धाच टिकतो. एडवर्ड सैदने १९९३ च्या ‘कल्चर अँड इंपिरियॅलिझम’मध्ये अधिक नेमका तोल साधला: साम्राज्य ही लूट आहे हे कॉनरॅडला दिसले, पण साम्राज्य संपून तिथल्या लोकांनी स्वतःचे राज्य चालवावे ही कल्पना त्याला करता आली नाही. मधल्या काळात, १९७९ मध्ये, कोपोलाने ‘अपोकॅलिप्स नाउ’मध्ये ही कथा व्हिएतनामच्या युद्धात नेली होती. चित्रपट गाजला, पण काँगो पुन्हा बाजूलाच राहिला.

तो परत आला इतिहासकारांमुळे. अॅडम हॉक्शील्डच्या १९९८ च्या ‘किंग लिओपोल्ड्स घोस्ट’मध्ये लेओं रोम नावाचा बेल्जियन अधिकारी भेटतो. स्टॅन्ली फॉल्सच्या या ठाणेदाराने घरापुढच्या फुलांच्या वाफ्याभोवती एकवीस आफ्रिकनांची मुंडकी मांडली होती. कुर्ट्झच्या घरापुढच्या खांबांवरची मुंडकी समीक्षकांनी अनेक दशके प्रतीक म्हणून समजावून सांगितली होती. वस्तुस्थिती कथेपेक्षा फारशी वेगळी नव्हती.

आता शिकवण्यासाठी काढलेल्या काही आवृत्त्यांत अचेबेचा लेख आणि काँगोविषयीची कागदपत्रे कथेसोबतच छापलेली असतात. नव्या वाचकाने तशीच आवृत्ती घ्यावी, पहिला भाग सावकाश वाचावा, आणि शेवटच्या भागातल्या धुक्याने दबून जाऊ नये. त्यातले काही धुके कॉनरॅडचेच अपयश आहे.