आठ रात्री, चव्वेचाळीस मेणबत्त्या आणि एक माऊस

ज्यू मुलांना सण-परंपरा कॉम्प्युटरवर शिकवायची धडपड जुनीच आहे. शिकागोच्या डावका कंपनीने १९८० च्या दशकातच ॲपल-टू कॉम्प्युटरसाठी असे खेळ काढले होते. ‘ज्युइश आयक्यू बेसबॉल’मध्ये बरोबर उत्तर दिलं की धावा मिळायच्या.

अशा सॉफ्टवेअरची खरी गंमत हनुक्का या आठ रात्रींच्या ज्यू सणात कळते. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे ठेवायच्या, पण पेटवायच्या मात्र डावीकडून, त्या रात्रीची नवी मेणबत्ती आधी. पेटवायचं काम ‘शमाश’ नावाच्या वेगळ्या मेणबत्तीचं. शमाश धरून आठ रात्रींच्या मिळून ४४ मेणबत्त्या! पुस्तकात हे वाचताना मोठ्यांचाही गोंधळ उडतो. पडद्यावर मुलाने स्वतः ज्योत ओढून नेली की क्रम आपोआप हातात बसतो.

हनुक्कात खेळायच्या ड्रेडल भोवऱ्याचंही तसंच. त्यावरचं ‘गिमेल’ अक्षर पडलं की सगळा डाव आपला, ‘हे’ला अर्धा, ‘नून’ला काहीच नाही, ‘शिन’ला उलट एक नाणं भरायचं. गूगलवर ‘प्ले ड्रेडल’ टाइप केलं तरी भोवरा फिरतो.

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंचा मलिदा, म्हणजे पोहे, नारळ, गूळ आणि फळांचं ताट, अशा एखाद्या मराठी खेळात यायलाच हवा. मुलं ते ताट किती हौसेने मांडतील!