न्यूझीलंडची घरपट्टी आणि छोट्या परिषदा

न्यूझीलंडमध्ये घराची किंमत वाढली म्हणून घरपट्टी आपोआप वाढत नाही. स्थानिक परिषद आधी वर्षाचा खर्च ठरवते, मग तो प्रामुख्याने मालमत्तांच्या किमतीनुसार वाटते. आपलं घर इतरांच्या घरांपेक्षा जास्त महागलं, तरच आपला वाटा फुगतो. या खर्चात खरा भार जुन्या जलवाहिन्या, सांडपाणी आणि रस्त्यांचा. जेमतेम ४ हजार वस्तीच्या कायकोउरासारख्या परिषदेला (तेही भूकंपाच्या पट्ट्यात!) तो पेलणार कसा? म्हणून विलीनीकरणाची चर्चा पुन्हा पुन्हा निघते. १९८९मध्ये सुमारे ८५० स्थानिक संस्थांमधून ८६च उरल्या. २०१०मध्ये ऑकलंडच्या आठ परिषदांची एक झाली. कारभार एका छताखाली आला खरा, पण घरपट्टी काही उतरली नाही.