बुडीत गावाची गोष्ट

‘तुम्हाला गोष्टी सुचतात कशा?’ हा प्रश्न कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. खरे तर गोष्ट सुचणे फारसे अवघड नसते. ती खरी ठेवणे अवघड. हे मला गोसीखुर्दने शिकवले.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खुर्द म्हणजे धाकटे. पण या धाकट्या गावाच्या नावाने उभ्या राहिलेल्या धरणात वरच्या अंगाची कितीतरी गावे गेली. एवढा मजकूर बातमीला पुरतो. कथा इथून पुढे सुरू होते.

पंचनाम्यात आंब्याच्या झाडाची नोंद होते, किंमत ठरते. ते झाड कुणी लावले, त्याच्या सावलीत कुणाची भांडणे मिटली, याला रकाना नसतो. कथाकाराचे काम त्या नसलेल्या रकान्यात असते. पुनर्वसनाच्या वसाहतीत एका आजीबाईंना मी विचारले, काय गेले? वाटले, शेत म्हणतील, घर म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘‘मांगच्या दारातून हाक मारली का शेजारीन ओ देत होती. आता मांगचं दार उघडलं का दुसऱ्याच्या घराची भित.’’ त्या दोन वाक्यांत सगळी कथा होती. ती अलगद उचलावी. तिला अश्रूंची झालर लावू नये.

भाषेचेही तसेच. इकडे भाताची लावणी नसते, धानाची रोवणी असते. खाचर नसते, बांधी असते. हे शब्द बदलले की चिखलात उभ्या पात्राचे पायही कोरडे वाटतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोली नसती, तर कौतिकची झुंज इतकी जवळची वाटली असती का? विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांचे जगणे मराठी कादंबरीत आणले, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण एका धरणाची कादंबरी दुसऱ्या धरणाला पुरत नाही. वैनगंगेकाठचा माणूस झाडीबोलीत हसतो, झाडीबोलीतच रडतो. बांधी पाण्याखाली गेली की पुढच्या पिढीला तो शब्दही लागेनासा होतो. गाव असे दोनदा बुडते.

आणखी एक पथ्य. याच पाण्यावर खालच्या अंगाला कुणाची तरी रोवणी वेळेवर होते. त्या शेतकऱ्याला खलनायक करून कथा सोपी होईल, खरी होणार नाही. दोघांचीही बाजू एकाच काळजीने लिहिता आली पाहिजे.

नव्याने लिहू लागलेली मुले सल्ला विचारतात. मी सांगतो, शैलीची चिंता नंतर करा. ज्या गावाविषयी लिहायचे तिथले दहा शब्द आधी आपल्या कानांनी ऐकून या. आणि लिहून झाल्यावर ते तिथल्याच एखाद्या माणसाला वाचून दाखवा. ‘छान लिहिलं’ म्हणाला, तर घरी येऊन पुन्हा लिहायला बसा. तो मध्येच थांबवून स्वतःची आठवण सांगू लागला, तर समजा की गोष्ट जमली.