टॅब्लेट : गोळी नव्हे, पाटी

टॅब्लेट म्हटले की आमच्या दवाखान्यात अजूनही गोळीच समजली जाते. आजचा विषय मात्र पाटीएवढ्या संगणकाचा आहे. घरोघरी मुले त्याला नुसते 'टॅब' म्हणतात. मोठ्या अपघातातून उठणाऱ्या रुग्णाला तो द्यावा का, असे नातेवाईक हल्ली वारंवार विचारतात. द्यावा, पण काही गोष्टी सांभाळून.

महिनोन् महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाला जखमेइतकाच परावलंबनाचा त्रास असतो. माझा एक रुग्ण टेम्पोचालक होता. कण्याला मार लागून कमरेखाली लुळेपणा आला. सारखी हाक मारायची लाज वाटते म्हणून तो दुपारचे पाणी पिणेच टाळू लागला. अशा रुग्णाने पाणी कमी केले की लघवीचा जंतुसंसर्ग आणि मूतखडा यांना आमंत्रणच! टॅब आल्यावर तो बायकोला शेतात निरोप पाठवू लागला आणि पुढे इतर चालकांच्या फेऱ्यांचा हिशेबही ठेवू लागला. पाण्याचा तांब्या मग आपोआप रिकामा होऊ लागला.

टॅब हातात धरून वापरू नये. अर्धा किलो वजन ऐकायला किरकोळ वाटते. उताणे पडून दहा मिनिटे धरून पाहा. पोटावर ठेवला तर हनुवटी छातीला टेकते आणि मान अवघडते. मानेला दुखापत असेल तर हे मुळीच चालणार नाही. खाटेला अडकवायचा वाकता स्टँड मिळतो, तो घ्यावा. पडदा डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर असावा. हाताला प्लास्टर किंवा बँडेज असेल तर पडदा दाद देत नाही, कारण त्याला त्वचेचा स्पर्श लागतो. अशा वेळी बोलून मजकूर लिहिण्याची सोय वापरावी. ती मराठीतही चालते.

लोक डोळ्यांची काळजी करतात. मला काळजी वाटते ती माकडहाडाची आणि टाचांची. चांगला माणूस सिनेमा पाहतानाही नकळत कूस बदलतो. कण्याची दुखापत झालेल्याला मात्र खालचे काही जाणवतच नाही. हाडाखाली दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, सुरू होतो. बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही पहिली खूण. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेव्हा तिथे गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. चाकाच्या खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवावा. त्यासाठी टॅबवरच गजर लावा. सिनेमा रंगात आला असला तरी गजर वाजताच थांबवायचा, ही अट घालूनच टॅब द्यावा. आणखी एक : चार्जिंगला लावलेला टॅब संवेदना गेलेल्या मांडीवर कधीही ठेवू नये. तापला तरी रुग्णाला कळत नाही आणि कातडी भाजते.

डोक्याला मार लागला असेल तर पहिले दोन दिवस पडदा शक्यतो टाळावा. अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूला हादरा बसल्यावर पहिले 48 तास पडदा टाळणारे तरुण रुग्ण लवकर बरे झाल्याचे दिसले. गुंगी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर 2020 पासून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी नाणे ठेवून काढावा, म्हणजे आकार कळतो. पण ताप, जखमेची दुर्गंधी किंवा एकाच पोटरीला सूज असेल तर फोटोवर विसंबू नये, प्रत्यक्ष दाखवावे.

व्यायामाचे व्हिडिओ टॅबवर ढिगाने सापडतात. ते पाहून पाय वाकवत बसू नका. आपल्या फिजिओथेरपिस्टने आपल्यालाच करवून घेतलेला व्यायाम त्याच टॅबवर चित्रित करा आणि रोज तोच लावून करा.