ओव्हन नाही, अंडं नाही, जिलेटिनही नाही : घरच्या घरी लिंबाची पाई

मागच्या महिन्यात माझा धाकटा वर्गमित्राच्या वाढदिवसाला गेला होता. परत आला तो गप्पच. रात्री म्हणाला, "अम्मी, पुडिंग छान दिसत होतं. पण त्यात जिलेटिन असेल म्हणून मी खाल्लंच नाही."

जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनतं. पुड्यावर ते नुसतं लिहिलेलं असतं. जनावर कोणतं, जिबह कसं झालं, हे बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे मुलं हात आखडतात, ते बरोबरच आहे. पण दर वेळी "नको" म्हणणारं पोर एकटं पडतं. मग सगळ्यांना चालेल असं काहीतरी आपणच का करू नये?

आम्ही कसबा पेठेत जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहतो. ओव्हन ठेवायला जागाच नाही. म्हणून न भाजता, फ्रीजमध्ये घट्ट होणारी लिंबाची पाई करायची ठरवली. ही अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. तिकडे ज्याला 'की लाईम' म्हणतात, ते म्हणजे आपलंच कागदी लिंबू. आपल्या बाजूचं हे फळ अरबांनी पश्चिमेकडे नेलं आणि पुढे स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत. फ्लोरिडाच्या बेटांवर ताजं दूध मिळणं अवघड होतं, म्हणून तिथे डब्यातलं आटवलेलं गोड दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, वापरायची पद्धत पडली.

डबा फोडताना सासूबाईंनी टोकलंच, "अगं, दुधात लिंबू पिळलंस तर फाटणार नाही का?"

प्रश्न अगदी योग्य. आंबटामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात. साध्या गरम दुधात पाणी भरपूर असतं, त्यामुळे गुठळ्या वेगळ्या आणि पाणी वेगळं होतं. तेच आपलं पनीर. आटवलेल्या दुधात पाणी कमी आणि साखर खूप. प्रथिनं इथेही चिकटतात, पण पाणी वेगळं सुटायला वाव राहत नाही. म्हणून दूध फाटण्याऐवजी दाट होतं. जिलेटिनचं काम लिंबूच करतं!

साहित्य : साधी गोड बिस्किटं २०० ग्रॅम, वितळलेलं लोणी ९० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, डेअरीतला घट्ट चक्का २०० ग्रॅम, कागदी लिंबाचा रस १०० मिली (साधारण सहा-सात लिंबं), दोन लिंबांची किसलेली साल.

कृती : बिस्किटांचा लाटण्याने बारीक चुरा करा आणि त्यात लोणी कालवा. आठ इंची काचेच्या किंवा स्टीलच्या खोलगट भांड्यात वाटीच्या बुडाने दाबून बसवा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. चक्का गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. त्यात कंडेन्स्ड मिल्क घाला, मग साल आणि शेवटी थोडाथोडा करून रस. मिश्रण लगेच दाट व्हायला लागतं. ते बिस्किटांवर ओता, झाकण ठेवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. कापण्याआधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर तुकडे नीट निघतात.

काही गोष्टी सांभाळा. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. बिस्किटांच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे ना, ते बघा. आमच्या पेठेत तांबट आळी आहे, तांब्या-पितळेची सुंदर भांडी मिळतात. पण कल्हई नसलेल्या तांब्यात किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात लिंबाचा पदार्थ ठेवू नका. आंबटामुळे धातू पदार्थात उतरतो. आणि गोडवा भरपूर असतो, तेव्हा घरात कुणाला शुगर असेल तर बेतानंच. आमच्याकडे सासूबाईंना चमचाभरच दिली. त्यांनी तो चमचा बराच वेळ पुरवला.

सोमवारी धाकट्याने डब्यात दोन तुकडे मागून नेले. त्याच्या मित्राच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. यात अंडं नाही, जिलेटिन नाही, त्यामुळे दोघांनी एकाच डब्यात खाल्लं. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्याबरोबर त्याचा प्रश्न, "अम्मी, पुढच्या वेळी मोठ्या भांड्यात करशील?"