दुकानात नुसतं नाव नको, काम सांगा



1 जूनपासून बंदी लागली. 31 जुलैपर्यंत बोटी बंद, म्हणजे आपली सगळ्यांची धावपळ हार्डवेअरच्या दुकानात. दरवर्षी या दिवसांत ऑफिसात एकच तक्रार येते, "दुकानदाराने भलताच माल दिला." आम्ही बिल बघतो, माल बघतो. बऱ्याच वेळा दुकानदाराने फसवलेलं नसतं. आपण जे नाव सांगितलं तेच त्याने दिलेलं असतं. घोळ नावातच असतो.

माती उपसणारं कुठलंही यंत्र आपल्यासाठी जेसीबी, कुठलीही कॉपी म्हणजे झेरॉक्स. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण बोटीच्या सामानात तसं करून चालत नाही. म्हणून ज्या नावांनी आपल्या लोकांचं नुकसान झालंय, ती इथे सांगतो.

नायलॉनची दोरी

गेल्या मोसमात आमच्या एका सभासदाची होडी रात्री नांगरावरून सुटली आणि खडकावर गेली. होडीत कोणी नव्हतं हे नशीब. दोरी जुनी नव्हती. "नायलॉनचीच घेतलेली," असं तो शपथेवर सांगत होता. आम्ही त्या दोरीचा तुकडा बादलीत टाकला, तर तो वर तरंगला. म्हणजे ते नायलॉन नव्हतंच.

आपल्याकडे प्लास्टिकच्या प्रत्येक दोरीला नायलॉन म्हणतात. खरं नायलॉन पाण्यात बुडतं. ते ताण आला की लांबतं, म्हणून लाटेचा झटका सोसतं. नांगराला तेच हवं. निळी, हिरवी, पिवळी स्वस्त दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीईची असते. ती तरंगते, कमी लांबते, आणि पॉलिप्रोपिलीन तर उन्हाने लवकर कुजतं. ती दोरी वाईट नाही, जिथे दोरी वर राहायला हवी तिथे तिचाच उपयोग. पण नांगराला बांधली तर ढिली पडल्यावर पाण्यावर पसरते आणि दुसऱ्याच्या पंख्यात जाते. घेण्याआधी तुकडा बादलीत टाका, आतली हवा बोटांनी दाबून काढा आणि बघा. एका मिनिटाचं काम आहे.

स्टीलचा बोल्ट

"गंज न लागणारं स्टील द्या" म्हटलं की काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात. चिकटलं नाही, म्हणजे चांगलं. हे अर्धंच खरं आहे. 202, 304 आणि 316 ही तिन्ही स्टीलं चुंबकाला फारशी चिकटत नाहीत. खाऱ्या पाण्यात मात्र 316 जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. 304 ला मिठाच्या पाण्यात बारीक खड्डे पडतात, आणि 202 तर त्याच्याही खालचं. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर कोरलेलं असतं: ए2 म्हणजे 304 च्या जातीचा, ए4 म्हणजे 316 च्या जातीचा. पाण्याखाली किंवा पाण्याच्या रेषेजवळ लावायचा असेल तर ए4 मागा.

चार सुती आणि तेरा नंबर

जुने मिस्त्री सुतात बोलतात. एका इंचाची आठ सुतं, म्हणजे चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा, 12.7 मि.मी. पोरं त्याला "बारा एमएम" म्हणून आणतात. जाडी जवळजवळ सारखी दिसते, पण आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्यावर धड बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर इंजिनाच्या हादऱ्याने सुटतो.

दुसरा घोळ पान्ह्याचा. "तेरा नंबरचा बोल्ट" म्हणजे 13 चा पान्हा लागतो तो. बोल्ट स्वतः 8 मि.मी. चा असतो. फोनवर नुसतं "तेरा" म्हणू नका. बोल्टची जाडी सांगा आणि लांबी सांगा.

पितळेचा कॉक

बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक पिवळा असला की आपण पितळ म्हणतो. साध्या पितळेत तांबं आणि जस्त असतं. खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं. वरून आकार तसाच दिसतो, आत मात्र स्पंजासारखं ठिसूळ तांबं उरतं. एक दिवस हातोडीचा हलका ठोका बसला की तुटतो आणि पाणी थेट आत. तिथे गनमेटल हवं, त्यात तांब्यासोबत कथील असतं. जुना कॉक चाकूने थोडा खरवडून बघा. आत पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसला तर याच बंदीत बदला.

हार्डनर

हे सगळ्यात महत्त्वाचं. फायबरच्या कामात रेझिन सुकवायला लागतं त्याला आपण हार्डनर म्हणतो. एपॉक्सीच्या डब्यासोबत येतं त्यालाही हार्डनरच म्हणतो. दोन्ही वेगळी रसायनं आहेत. फायबरच्या साध्या पॉलिएस्टर रेझिनला वजनाच्या साधारण 1 ते 2 टक्के लागतं. एपॉक्सीचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. एकाचं दुसऱ्यात घातलं तर माल फुकट जातो.

आणि रेझिनला कोबाल्ट लागतं तेव्हा ते आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका. भडका उडतो. दोन्हीसाठी एकच माप वापरू नका, दोन्ही बाटल्या लांब ठेवा आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. हार्डनर डोळ्यात उडालं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

मरीन प्लाय

सुतार पाणी सोसणाऱ्या कुठल्याही प्लायला मरीन म्हणतो. खऱ्या मरीन प्लायवर आयएस 710 असा शिक्का असतो. आयएस 303 असेल तर ती घरकामाची. बिल देण्याआधी शिक्का बघा.

मंडळी, परवा आमच्या एका सभासदाची बायको दुकानात गेली होती. तिला बोल्टचं नाव माहीत नव्हतं. तिने जुना बोल्ट कागदात गुंडाळून नेला आणि सांगितलं, "हा पंख्याजवळ लागतो, पाण्यात असतो." पहिल्या फेरीत बरोबर माल आला. आपण नाव माहीत आहे म्हणून मिरवतो आणि तीन फेऱ्या मारतो.

तेव्हा जुना तुकडा बरोबर न्या. कुठे लागतो ते सांगा. बिलावर धातूचा नंबर किंवा दोरीचा प्रकार लिहून घ्या. शंका असेल तर माल लावण्याआधी ऑफिसात आणा, आपण मिळून बघू. बोट पाण्यात गेल्यावर कळून उपयोग नाही.