विश्लेषण : सांध्यातले इंजेक्शन सोनोग्राफीवर ‘पाहून’ का देतात? ते सगळ्यांनाच लागते का?

भोसरी, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात जोडणी लाइनवर काम करणाऱ्यांना खांदा धरणे, कोपर दुखणे, मनगटाला मुंग्या येणे नवे नाही. हात खांद्याच्या वर ठेवून बोल्ट आवळायचे, न्यूमॅटिक गन धरायची, तीच हालचाल शिफ्टभर करायची, असे हे काम असते. गोळ्या आणि शेक घेऊन भागले नाही, की डॉक्टर इंजेक्शन सुचवतात. अलीकडे त्याला ‘सोनोग्राफी गाइडेड’ हे विशेषण लागते आणि बिलही वाढते. हा वाढीव खर्च कशासाठी?

सुई दिसते म्हणजे काय?

पूर्वापार पद्धतीत डॉक्टर बोटांनी चाचपून हाडांच्या खुणा शोधतात आणि अंदाजाने सुई घालतात. अनुभवी हाताला हा अंदाज बऱ्याचदा साधतो. पण खांद्यात कंडरेवरची जी पातळ पिशवी सुजते, तिची जाडी काही मिलिमीटरच असते. थोडे इकडेतिकडे झाले तर औषध पिशवीऐवजी कंडरेत किंवा स्नायूत जाते.

सोनोग्राफीत त्वचेवर प्रोब ठेवून उच्च वारंवारितेचा ध्वनी आत सोडतात. पडद्यावर कंडरा, नस, रक्तवाहिनी, साचलेले पाणी वेगवेगळे दिसते. सुई चमकदार पांढऱ्या रेघेसारखी पुढे सरकते आणि औषध कुठे पसरले तेही त्याच क्षणी कळते. क्ष-किरणांचा संबंध नसतो. रुग्णाला हात हलवायला सांगून कंडरा कुठे अडकते हेही पाहता येते, जे एमआरआयच्या बोगद्यात जमत नाही.

मात्र ध्वनी हाडातून आरपार जात नाही. म्हणून मणक्याच्या सांध्यांसाठी बहुधा सी-आर्म हे हलते एक्स-रे यंत्र किंवा सीटी स्कॅन वापरतात. एमआरआयचा उपयोग बहुतेक वेळा आधीच्या आखणीपुरता असतो, कारण चुंबकाजवळ साधी सुई नेता येत नाही. स्नायूंना सूज येणाऱ्या ‘मायोसायटिस’मध्ये ही आखणी फार मोलाची ठरते. हा आजार स्नायूत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो. तुकडा चुकीच्या जागेचा घेतला तर आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. एमआरआयवर सुजलेला भाग आधी हेरला की ही चूक टळण्याची शक्यता वाढते.

मग पाहून दिलेले इंजेक्शन जास्त गुण देते?

इथे जाहिरात आणि पुरावा यांची फारकत होते. खुब्याचा सांधा खोल असतो आणि त्याच्या पुढून मोठी रक्तवाहिनी व नस जाते. मनगटातल्या ‘कार्पल टनेल’मध्ये नस सुईपासून अगदी जवळ असते. अशा ठिकाणी पाहून सुई घालणे शहाणपणाचे. जंतुसंसर्गाच्या शंकेने खोल सांध्यातले थोडेसे पाणी काढायचे असेल तेव्हाही तसेच.

खांद्याचे चित्र वेगळे आहे. उपलब्ध चाचण्यांचा २०२१ मधील कॉक्रेन आढावा सांगतो, की यंत्राच्या मदतीने दिलेल्या आणि तशाच दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनमध्ये वेदना किंवा हालचाल यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. खांद्यातला कॅल्शियमचा साठा सोनोग्राफीखाली सुईने धुऊन काढण्याचा उपचारही लोकप्रिय आहे. २०२३ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे व स्वीडनमधील २२० रुग्णांच्या चाचणीत तो लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. सुई नेमकी पोहोचली म्हणजे आराम पडेलच, असे नाही.

खरा प्रश्न सुईतल्या औषधाचा

स्टेरॉइडने सूज आणि वेदना झपाट्याने उतरतात. लाइनवरच्या माणसाला हेच हवे असते, कारण खाडा परवडत नाही. पण ‘टेनिस एल्बो’वरील २०१३ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात वर्षभराने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. नुसते पाणीवजा इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. गुडघ्याबाबत २०१७ मधील अमेरिकी चाचणीत सोनोग्राफीवर सूज दिसलेलेच १४० रुग्ण निवडले होते. दोन वर्षे दर १२ आठवड्यांनी स्टेरॉइड घेणाऱ्यांची वेदना सलाइनच्या गटापेक्षा कमी झाली नाही आणि कूर्चेची झीज मात्र जास्त झाली.

याचा अर्थ इंजेक्शन नकोच, असा नाही. संधिवातात एखादाच सांधा भडकला असेल तर ते फार उपयोगी पडते. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, हे मात्र आधी सांगायला हवे. आणि वेदना थांबली म्हणून चौथ्या दिवशी त्याच जागी तीच गन हातात घेतली, तर काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

यंत्र डॉक्टरांच्या टेबलावर का नसते?

अनेक देशांत संधिवाततज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ प्रोब स्टेथोस्कोपसारखा वापरतात. आपल्याकडे ते सोपे नाही, कारण गर्भलिंग निदान रोखणारा कायदा. महाराष्ट्राने तो १९८८ मध्ये सर्वांत आधी केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. गर्भाचे लिंग ओळखू शकेल असे प्रत्येक यंत्र नोंदणीत येते, मग ते फक्त गुडघ्यांसाठी का आणलेले असेना. पोर्टेबल यंत्रावर २०१२ पासून आणखी निर्बंध आहेत. नोंदणी असलेल्या जागेतील दाखल रुग्ण किंवा फिरते वैद्यकीय पथक एवढ्यापुरतेच ते वापरता येते. यंत्र पिशवीत घालून कंपनीच्या दवाखान्यात नेणे म्हणूनच शक्य नाही. राज्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. हे पाहता कायद्याचा कडकपणा अनाठायी म्हणता येत नाही. पण त्यापायी खांदा तपासणारा डॉक्टर एकीकडे, यंत्र दुसरीकडे आणि मधल्या खेपा रुग्णाच्या वाट्याला, असे अनेकदा होते.

नोकरदारासाठी काय?

आधी निदान पक्के करून घ्यावे. पुणे जिल्ह्यातच भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी पाहणी झाली होती. तिच्यात १८.२ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले, पण आमवात फक्त ०.५ टक्के लोकांना होता. बहुतेकांचे दुखणे आमवात नसते, मग प्रत्येकाला सुई तरी कशाला? डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : नेमके काय सुजले आहे, या जागी यंत्राने फरक पडतो का आणि याआधी किती इंजेक्शने झाली आहेत.

पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालय हे या भागातले सार्वजनिक पर्याय आहेत. ईएसआयची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून मासिक २१ हजार रुपये करण्यात आली. अंशदानाची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. दुखरा हात खरोखर विसावा घेऊ शकेल तो या रजेत. अप्रेंटिस कायद्याखालचे प्रशिक्षणार्थी मात्र या योजनेत बसत नाहीत.